पूररेषेतलं घरकुल : यादी, जागा आणि ग्रामसभा



आजचा विषय घरकुलाचा आहे, पण वाडीत बोलायचं म्हणजे सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. इथं बसलेल्यांना हे नवीन नाही. पण ही व्याख्यानं बाहेरगावची मंडळीही ऐकतात, वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. पंचगंगा आणि कृष्णा इथं एकमेकींना मिळतात. पावसाळ्यात पाणी चढलं की ते दत्तमंदिरात उत्तरेच्या दारानं आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला आपण दक्षिणद्वार म्हणतो. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री गाड्या काढून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. मूर्ती कधी हलवायची, कुठं न्यायची, हे ठरलेलं आहे. त्यासाठी ऐनवेळी कुणाला सभा बोलवावी लागत नाही.

आता याच नदीकाठचं एखादं घर घ्या. पाणी दारात आलं की जायचं कुठं? शाळेत. शाळेकडं पाणी सरकलं की? पाहुण्यांकडं, नाहीतर कारखान्याच्या नाहीतर कुठल्या तरी कार्यालयाच्या छावणीत. आणि पाणी उतरल्यावर? परत त्याच घरात, भिंती वाळतील तेव्हा. 2005 ला हेच झालं, 2019 ला हेच झालं, 2021 ला पुन्हा हेच. मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. गरिबाच्या घराबद्दल आपल्याकडं जे निर्णय होतात, त्यात पैसे किती ते ठरतं, कुणाला ते ठरतं, पण घर कुठं हे ठरत नाही. आणि पुराच्या गावात खरा प्रश्न तोच आहे.

आधी योजना समजून घेऊ. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, 2016 पासून सुरू आहे. सपाट भागासाठी मूळ रक्कम 1 लाख 20 हजार रुपये. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, शौचालयासाठी 12 हजार. घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे आपल्या भाषेत 269 चौरस फूट. पहिल्या यादीचा पाया 2011 ची सामाजिक-आर्थिक जात जनगणना, नंतर 'आवास प्लस'ची पाहणी झाली. नावं वरून येतात, ग्रामसभेनं ती तपासायची, कुणाला आधी कुणाला नंतर हे ठरवायचं. शिवाय राज्याच्या योजना आहेत, रमाई आहे, शबरी आहे, 2023 मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास सुरू झाली. म्हणजे योजनांचा तुटवडा नाही.

आता यात पुराचं गाव बसवून बघा. समजा, शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात एक कुटुंब आहे. गावठाणात एक गुंठा जागा, वडिलोपार्जित. त्यावर मातीच्या भिंती, वर कौलं. घरकुल मंजूर झालं. अट काय? स्वतःची जागा पाहिजे. जागा आहे, उतारा आहे. काम सुरू करा, फोटो काढा, हप्ता घ्या. घर उभं राहिलं. छान झालं की! पण ते घर उभं राहिलं कुठं? तिथंच, जिथं 2019 ला गळ्याइतकं पाणी होतं.

याच सरकारचं जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा मारतं. साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. एक खातं म्हणतं इथं बांधू नका, दुसरं खातं म्हणतं जागेचा उतारा दाखवा आणि बांधा. दोन्ही कागद त्याच ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचायचं काम कुणाला नेमून दिलेलं नाही.

कुणी म्हणेल, जागा नसणाऱ्यांसाठीही तरतूद आहे. आहे ना. आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय की भूमिहीन लाभार्थ्याला सरकारी किंवा सार्वजनिक जमीन मिळावी. राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी 50 हजार होते, पुढे मर्यादा 1 लाखापर्यंत नेली. पण हे सगळं भूमिहीनासाठी आहे. ज्याची पूररेषेत एक गुंठा जागा आहे तो कागदावर भूमिहीन नाही. ज्याची भिंत दर पुराला भिजते पण अजून पडलेली नाही तो कागदावर बेघर नाही. मंडळी, माझी मुख्य तक्रार ही आहे. राहायला धोक्याची असलेली जागा ही 'जागा' म्हणून मोजली जाते, आणि म्हणून त्या माणसाला दुसरी जागा मागायचा हक्कच उरत नाही.

पूर आल्यावरच्या मदतीचंही असंच आहे. ऑगस्ट 2019 मध्ये एक शासन निर्णय निघाला. ज्यांचं घर दोन दिवस किंवा त्याहून जास्त पाण्याखाली असेल त्यांना 10 किलो गहू, 10 किलो तांदूळ. केवढा गदारोळ झाला! मग खुलासा आला की आधीच्या नियमात सात दिवसांची अट होती, आम्ही ती कमी केली. खुलासा खोटा नव्हता. पण दीड दिवस पाण्यात असलेल्या घरातलं धान्य काय वाळत घालून खायचं असतं का?

2021 ला सरकारनं घरांच्या नुकसानीचे टप्पे केले. पूर्ण पडलं तर दीड लाख, निम्मं पडलं तर 50 हजार, पाव पडलं तर 25 हजार, 15 टक्के पडलं तर 15 हजार. जुन्या निकषांपेक्षा हे बरं होतं, हे मान्य करायला पाहिजे, 2019 च्या वेळी केंद्राचा निकष 95,100 रुपयांचा होता. पण मातीची भिंत टक्क्यानं पडत नाही. ती पाणी पिते, पंचनाम्याच्या दिवशी उभी असते आणि दिवाळीच्या आसपास फुगून बसते. तोवर पंचनाम्याचं काम संपलेलं असतं. कागदावर 15 टक्के, प्रत्यक्षात सगळं घर. यात तलाठ्याचा किंवा ग्रामसेवकाचा दोष नाही. त्यांना एक दिवस ठरवून दिलाय, त्या दिवशी जे दिसतं ते ते लिहितात.

मग सरळ उपाय दिसतो: गाव उंचावर न्या. इथंही घाई करू नये. पंचगंगेच्या उगमाकडं चला. प्रयाग चिखली आणि शेजारचं आंबेवाडी. 1989 च्या पुरानंतर या गावांसाठी सोनतळीला भूखंड दिले गेले. तीस वर्षांनी, 2019 ला आणि परत 2021 ला, ही गावं पाण्यातच होती. का? भूखंडाची मालकी नावावर होण्याचा घोळ, जुनी जागा सोडायची की नाही याचा घोळ, आणि रान, गोठा, दूध डेअरी सगळं खाली राहिलेलं. जागा दिली म्हणजे पुनर्वसन झालं असं आपण धरलं. नदीच्या एका टोकाला अर्धवट राहिलेलं पुनर्वसन आहे आणि दुसऱ्या टोकाला आपण आहोत. सप्टेंबर 2021 मध्ये राजू शेट्टी याच चिखलीहून निघून पूरग्रस्तांच्या मागण्या घेऊन चालत वाडीपर्यंत आले होते, जलसमाधीचा इशारा देऊन. ती वाट पाचएक दिवसांची होती. चिखलीच्या भूखंडांचा कागद त्याहून फार हळू चालला.

गोठ्याचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण सरकारी कागदात तो दिसत नाही. पुरात आपली माणसं घर सोडायला तयार नसतात, बोटवाले हाका मारत असतात आणि माणूस माडीवर बसून असतो. बाहेरचे म्हणतात, अडाणी आहेत. अडाणी नाहीत हो. खाली दोन म्हशी असतात. म्हैस बोटीत बसत नाही. म्हैस गेली तर महिन्याचं दुधाचं बिल गेलं, आणि बऱ्याच घरांत ते बिल बाईच्या हातात येणारा एकमेव पैसा असतो. 269 चौरस फुटांच्या घरात म्हैस कुठं बांधायची? 500 चौरस फुटांच्या भूखंडावर घर, शौचालय आणि गोठा कसा बसवायचा? हे विचारल्याशिवाय नकाशा काढला की वसाहत रिकामी राहते आणि मग ठपका लोकांवर येतो.

केरळनं 2019 च्या सुमारास समुद्रकाठच्या मच्छीमार कुटुंबांसाठी 'पुनर्गेहम' नावाची योजना आणली. भरतीरेषेपासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्यांना 10 लाखांपर्यंत मदत, आणि त्यात जागेची किंमत धरलेली. तिथंही तक्रारी आहेत, किनाऱ्यापासून लांब गेलं की होडीकडं लक्ष कोण ठेवणार, ही तक्रार आपल्या म्हशीसारखीच आहे. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथं धोक्याच्या पट्ट्यात राहणं हीच पात्रता धरली. घर पडायची वाट बघितली नाही.

आता ग्रामसभेकडं येतो. लोक म्हणतात, ग्रामसभेच्या हातात काही नाही. हे अर्धंच खरं आहे. गायरान ग्रामपंचायत वाटू शकत नाही, हे खरं. 2011 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, 2022 ला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या, आपल्या जिल्ह्यात मोर्चे झाले. गावातली उंचावरची सार्वजनिक जमीन बहुधा गायरानच असते, त्यामुळं इथं गाठ बसते. ती गाठ सरकारनंच सोडवायची आहे.

पण जे हातात आहे त्याचं काय? ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कितीतरी ठिकाणी घरकुलाच्या याद्या अशाच सभांतून जातात. ज्याला नाव घालायचंय तो येतो, बाकीचे येत नाहीत. नंतर वर्षभर पारावर यादीवर चर्चा.

आणि ग्रामसभा ठरवू शकते हे आपल्याच तालुक्यानं दाखवलंय. मे 2022 मध्ये हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचा आदर्श घ्यायला सांगितलं. गावातून मुंबईकडं गेलेला निर्णय होता तो. मला हेरवाडचं मनापासून कौतुक आहे. प्रश्न आपल्याला आहे. बाईच्या कपाळाच्या कुंकवाबद्दल धीटपणे बोलणारी ग्रामसभा, तिच्या घराच्या जागेबद्दल का बोलत नाही? कारण जागेत कुणाची तरी जागा जाते. तिथं भावकी येते, गट येतात.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. 'खरं कारण अलमट्टी आहे, त्यावर का बोलत नाही?' बोलायला हवंच. धरणाची उंची 519 वरून 524 मीटर करायचा विषय आहे, त्यावर राज्यानं लढावं. पण अलमट्टीचा निकाल काहीही लागला तरी आपली निळी रेषा पुसली जाणार नाही. पुराची चर्चा धरणावर गेली की घरकुलाची यादी मागं पडते, आणि ते काही लोकांच्या सोयीचं असतं.

माझं मागणं लहान आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पुरावर बोलून उपयोग नसतो, तोवर पाणी येऊन गेलेलं असतं. 1 मेच्या ग्रामसभेत तीन कागद एकत्र वाचा: घरकुलाची यादी, पूररेषेचा नकाशा आणि 2019, 2021 च्या पंचनाम्यांची यादी. जी नावं तिन्हींत आहेत ती वेगळी काढा. त्यांच्यापुढं जनावरं किती, भाड्यानं राहतात का, घर बाईच्या नावावर आहे का, हे लिहा. आणि ठराव करा की या कुटुंबांना पूररेषेबाहेर जागा मिळेपर्यंत त्यांना भूमिहीन धरावं. एवढा एकच शब्द बदलून मागा. ठराव नामंजूर झाला तर नामंजूर करणाऱ्याला त्याचं कारण लिहावं लागेल. ते कारण तरी आपल्या हातात येईल.

मूर्तीनं पावसाळ्यात कुठं जायचं हे आपल्या वाडवडिलांनी ठरवून ठेवलं. काठावरच्या घरांचं तेवढं आपण ठरवू या.