वाट आणि मुक्काम : ‘वाटचाल’मधील श्रद्धेचे स्वरूप

वारकरी संप्रदायाविषयीच्या समीक्षेत ‘वाट’ या प्रतिमेची चर्चा विपुल आढळते. ‘मुक्काम’ मात्र उपेक्षित राहतो. विठ्ठलावर भार टाकून निघालेला वारकरी चालतो कसा, हे अभ्यासक विस्ताराने सांगतात. तो संध्याकाळी कोणाच्या पंगतीला बसतो, हा प्रश्न जणू साहित्यबाह्य मानला जातो. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवा.

ज्या भूमीतील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, या आशयाचे त्यांचे विधान सर्वपरिचित आहे. ते इतके उद्धृत झाले की, त्याच लेखातील अस्वस्थता त्याखाली झाकली गेली. एकाच दिंडीतील ब्राह्मण आणि मराठे एकत्र भजन करीत चालतात; जेवणे मात्र वेगळी होतात. देव वाट दाखवील ही निष्ठा दोघांचीही सारखीच दृढ असते, तरीही मुक्काम पडताच दिंडीची दोन शकले होतात. येथे श्रद्धेचा अभाव नाही. तिची कक्षा कोठे संपते, हे लेखिका दाखवते.

वारीला मुक्कामाचे स्वतःचे शिस्तशास्त्र आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. मग तिचे गाऱ्हाणे ऐकले जाते. म्हणजे परंपरेनेही सारे विठ्ठलावर सोपविलेले नाही. कर्वे यांच्या लेखातील पंगतीचे गाऱ्हाणे मात्र कोणत्याही टाळातून उमटत नाही.

ते उमटते एका तरुण मुलीच्या तोंडून. लेखिका मराठा बायकांबरोबर जेवल्यावर जवळीक वाढते, त्या तिला ‘ताई’ म्हणू लागतात, पुण्याला घरी येऊ म्हणतात. तेव्हा ती मुलगी विचारते की, आत्ता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल काय. हा प्रश्न लेखिकेला झोंबतो, आणि हजारो वर्षे शेजारी राहूनही परस्परांचे न झाल्याची कबुली ती देते. या कबुलीतील ‘आम्ही’ आणि ‘ते’ हा भेद तिच्याही भाषेतून गळत नाही, ही लेखाची मर्यादा. परंतु तो लपविलेला नाही, हे त्याचे बळ. (भूमीची व्याख्या करणारे विधान आणि ही कबुली एकाच लेखात असूनही पहिलेच तेवढे लोकप्रिय व्हावे, हे आपल्या वाचनसंस्कृतीविषयी पुरेसे बोलके आहे.)

साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘परिपूर्ती’ प्रकाशित झाला. गाभाऱ्याचा दरवाजा उघडला होता. चुलींचे अंतर उरले होते. आणि त्या बायकांनी ज्या पुण्याचे नाव घेतले, ते पालखीच्या वाटेवरील अगदी आरंभीचे मुक्कामाचे गाव आहे.