झग्याच्या काठावरची फुलं

मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोचं ‘दोन फ्रीडा’ हे चित्र पाहताना नजर आधी हृदयांवर जाते. जाणारच, दोघींच्या छातीवर ती उघडीच आहेत. पण चित्र खरं बोलतं ते पांढऱ्या झग्याच्या काठावर.

चित्र 1939 सालचं, जवळजवळ पावणेसहा फूट उंच आणि तेवढंच रुंद. चित्रकार दिएगो रिव्हेराशी तिचा घटस्फोट झाला, ते हेच वर्ष. एका बाकावर दोघी हातात हात घालून बसल्या आहेत. डावीकडची उंच गळ्याच्या, लेस लावलेल्या युरोपीय झग्यात. उजवीकडची मेक्सिकोतल्या तेवान्तेपेकच्या बायकांच्या वेशात: निळी-पिवळी चोळी, हिरवट घागरा. फ्रीडाचे वडील जर्मनीतून आलेले, आईकडे मेक्सिकोतल्या मूळनिवासींचा वारसा. तेवान्तेपेकच्या बायका बाजार सांभाळणाऱ्या, ताठ कण्याच्या म्हणून ओळखल्या जातात. हा वेश फ्रीडाने अभिमानाने आपलासा केला. लहानपणी पोलिओने बारीक झालेला पायही त्या लांब घागऱ्यात झाकला जाई.

उजवीच्या हातात लहानग्या दिएगोची इवलीशी तसबीर आहे. तिथून निघालेली शीर दंडाला वेढा घालत तिच्या हृदयात जाते, मग डावीच्या चिरलेल्या हृदयात, आणि शेवटी मांडीवर उतरते. तिथे डावी फ्रीडा शस्त्रक्रियेच्या चिमट्याने शिरेचं तोंड दाबून धरते. 1925 च्या बस अपघातापासून दुखणं तिच्या सोबतीलाच होतं. या चिमट्याची तिला ओळख करून द्यायला नको होती.

तरीही रक्त ठिबकतंच. आता काठ पाहा. झग्याच्या घेरावर लाल फुलं भरलेली आहेत आणि रक्ताचे डाग जवळपास त्याच रंगाचे. सुईने भरलेलं कुठलं आणि सांडलेलं कुठलं, चटकन कळत नाही. सजणं आणि सोसणं तिने एकाच कापडावर, एकाच लाल रंगात रंगवलं, आणि हे धाडस मला उघड्या हृदयांपेक्षाही मोठं वाटतं.

मागे वादळी आभाळ आहे. चेहऱ्यांवर मात्र अश्रूचा थेंब नाही. दोघी सरळ आपल्याकडे बघतात. म्हणून या चित्राला नुसती प्रेमभंगाची कहाणी म्हणणं मला पटत नाही. इथे दिएगो मुठीत मावेल एवढाच उरला आहे. घटस्फोटाच्या त्या वर्षी फ्रीडाने स्वतःला एकटं बसवलं नाही. हात धरायला शेजारी कुणीतरी आहे, आणि तीही फ्रीडाच आहे.