यशोगाथेतील झाकलेला पाट

उद्योजकांच्या यशोगाथा मराठीत विपुल लिहिल्या जातात आणि त्यांचा साचाही एव्हाना ठरून गेला आहे : साधे घर, हुशार मुलगा, नोकरीवर सोडलेले पाणी आणि शेवटी कोटींचा आकडा. यातील घटना सहसा खोट्या नसतात. हरवतो तो कार्यकारणभाव. आमचा आक्षेप तेवढाच आहे.

पुण्याच्या ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’चे संस्थापक डॉ. आनंद देशपांडे यांचे उदाहरण घेऊ. मध्यप्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या आपल्या कुटुंबांना ते जवळचे वाटावे, कारण त्यांचे बालपण भोपाळला, भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या वसाहतीत गेले. पुढे खरगपूरची आयआयटी, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट, ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील नोकरी आणि १९९० साली पुण्यात स्वतःची कंपनी. २०१० साली तिचे समभाग बाजारात आले; २०२२-२३ मध्ये वार्षिक उत्पन्न एक अब्ज डॉलर्सच्या पुढे गेले.

साच्यातील लेखक येथे ‘जिद्द’ हा शब्द लिहून मोकळा होतो. चिकित्सक वाचकाने मात्र विचारावे : ही वसाहत कोणी वसवली? ती आयआयटी कोणाच्या पैशावर चालत होती? दोन्ही शासनाच्या, म्हणजे करदात्यांच्या. विदासंचय, अर्थात डेटाबेस, हा देशपांडे यांच्या अभ्यासाचा विषय. परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअर उत्पादने घडवून देण्याचे काम त्यातून उभे राहिले. कंपनी स्थापन झाल्यावर वर्षभरातच, १९९१ साली, देशाचे आर्थिक धोरण पालटले. हे सांगितल्याने कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. उलट, हाती आलेल्या काळाचे त्यांनी काय केले, हे नेमके दिसते.

जुन्या उद्योगकथेला हे भान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा सांगताना १९१० साली कारखान्यासाठी माळरान देणारे औंध संस्थान कोणी वगळीत नाही. दात्याच्या उल्लेखाने लक्ष्मणराव कधी लहान झाले नाहीत.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. राजघाटाच्या परिसरातील मुलेही शिकून पुण्या-बंगळुरास जातात. काही येथेच राहतात. यश हे निव्वळ जिद्दीचे फळ, असे वाचून वाढलेला मागे राहिलेला मुलगा सारा दोष स्वतःकडे घेतो, आणि पुढे गेलेला कोणाचेच ऋण मानीत नाही. दोघांवरही अन्याय होतो.

आपल्या बुऱ्हाणपुरास हे उमगणे अवघड नसावे. कुंडी भंडाऱ्यात वरून दिसतात त्या केवळ कुंड्या; सातपुड्याचे पाणी त्यांच्यापर्यंत आणणारा पाट जमिनीखाली असतो. आमच्या मते, चरित्रकाराने कुंडीचे वर्णन अवश्य करावे, पण पाटात उतरल्यावाचून लेखणी खाली ठेवू नये.