‘अकेडिया’ म्हणजे आळस नव्हे

ख्रिस्ती धर्मविचाराचा परिचय मराठींत करून देतांना सात महापातकांची जी यादी दिली जाते, तींत एक पातक ‘आळस’ असें लिहिलेलें आढळतें. हा शब्द इंग्रजी यादीवरून आलेला आहे, आणि त्याच्या योगानें मूळ ग्रीक ‘अकेडिया’ या शब्दाचा निम्म्याहून अधिक अर्थ गळून गेला आहे, असें आमचें मत आहे. एका शब्दाकरितां एवढा खल कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु रोगाचें नांव चुकलें म्हणजे औषध चुकतें. आणि येथें तर मोहाच्या झटक्याला पातक ठरवून रोग्यासच दोषी धरण्याचा प्रसंग येतो. सबब मूळ ग्रंथ काय सांगतात तें पाहणें अवश्य आहे.

या विकाराची पहिली सविस्तर चिकित्सा एवाग्रिउस यानें केली. त्याचा जन्म पोंतुस प्रांतांतील इबोरा येथें इ. स. ३४५ च्या सुमारास झाला. कॉन्स्टँटिनोपल व यरुशलेम येथें कांहीं काळ काढून तो ईजिप्तच्या वाळवंटांत गेला, आणि केल्लिया नांवाच्या तपस्व्यांच्या वसाहतींत राहून इ. स. ३९९ मध्यें वारला. ‘प्राक्तिकोस’ हा त्याचा शंभर लहान प्रकरणांचा ग्रंथ. त्यांत साधकास घेरणारे आठ विचार सांगितले आहेत : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खेद, क्रोध, अकेडिया, पोकळ कीर्तीची हांव आणि गर्व. ग्रंथकार येथें ‘पातक’ न म्हणतां ‘विचार’ म्हणतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. असे विचार मनांत येणें साधकाच्या हातीं नाहीं. त्यांस तेथें थारा द्यावयाचा कीं नाहीं एवढेंच त्याच्या हातीं आहे, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे.

बाराव्या प्रकरणांत अकेडियेचें वर्णन आहे. हिचा हल्ला सकाळीं दहाच्या सुमारास सुरू होतो व दुपारीं दोनपर्यंत टिकतो. सूर्य जागचा हालत नाहींसा वाटतो. दिवस संपतां संपत नाहीं. साधक वारंवार खिडकीकडे पाहतो, कोणी बंधु भेटीस येतो काय म्हणून बाहेर डोकावतो. मग राहत्या जागेचा, हातच्या कामाचा व एकंदर जीवनक्रमाचाच वीट येतो. बंधुजनांत प्रेम उरलें नाहीं असें वाटूं लागतें. घरचीं माणसें आठवतात, पुढचें लांबलचक म्हातारपण दिसूं लागतें, आणि दुसरीकडे गेल्यास सर्व सुरळीत होईल असा भास होतो. हीं लक्षणें आळशाचीं नव्हेत. आळशाला उठावेंसें वाटत नाहीं. याला बसवत नाहीं.

या विकारास ‘मध्याह्नीचें पिशाच’ असेंहि नांव आहे. त्याचा उगम स्तोत्रसंहितेंतील एक्याण्णवाव्या स्तोत्रांत आहे (ग्रीक गणनेनें हें नव्वदावें). प्रचलित हिब्रू पाठांत तेथें भर दुपारीं नाश करणाऱ्या मरीचा उल्लेख आहे, पिशाचाचा नाहीं. ग्रीक भाषांतरकारांनीं क्रियापदाच्या जागीं बहुधा ‘शेद’, म्हणजे पिशाच, असा शब्द वाचला. हिब्रू लिपींत ‘य’ व ‘व’ हीं अक्षरें दिसण्यांत फार जवळचीं असल्यामुळें असा घोटाळा सहज संभवतो. एका अक्षराच्या पाठभेदांतून जन्मलेल्या या पिशाचानें पुढें शतकानुशतकें मठ झपाटले, ही गोष्ट पाठचिकित्सकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

एवाग्रिउसच्या ग्रंथांचा इतिहासहि आमच्या वाचकांस ओळखीचा वाटेल. इ. स. ५५३ मध्यें त्याच्या कांहीं मतांचा धर्मसभेकडून निषेध झाला, आणि मूळ ग्रीक पोथ्यांपैकीं पुष्कळ नाहींशा झाल्या. जें उरलें तें कांहीं सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत, तर कांहीं नीलुस या निर्दोष समजल्या जाणाऱ्या संताच्या नांवाखालीं. गियोमाँ या फ्रेंच पंडितानें एका सिरियाक हस्तलिखितावरून त्याच्या तत्त्वविषयक ग्रंथाचा अधिक मूळ पाठ १९५८ मध्यें प्रसिद्ध केला, आणि १९७१ मध्यें ‘प्राक्तिकोस’ची चिकित्सक आवृत्ति काढली.

नीलुसच्या नांवानें वांचलेल्या ग्रंथांपैकीं ‘दुष्टतेचीं आठ भूतें’ हा निबंध आतां एवाग्रिउसचाच मानतात. त्यांत अकेडियेनें पछाडलेल्या वाचकाचें एक चित्र आहे. तो जांभया देतो, डोळे चोळतो, पोथीवरून नजर काढून भिंतीकडे पाहतो. थोडें वाचून शेवटचें पान उलटतो. एकंदर पानें किती तीं मोजतो. अक्षराला व सजावटीला नांवें ठेवतो. आणि अखेर पोथी मिटून उशाशीं घेतो. पोथ्यांचीं पानें मोजणें व अक्षर पारखणें हा ज्यांचा नित्याचा उद्योग आहे, त्या आम्हां सर्वांस हें वर्णन थोडें बोंचेल. पण बोंचतें म्हणूनच तें खरें आहे. त्याच निबंधांत असेंहि म्हटलें आहे कीं, असा साधक आजाऱ्याच्या समाचारास मोठ्या तत्परतेनें धांवतो, पण अंतस्थ हेतु स्वतःचा जीव रमविण्याचा असतो. येथें मोह सत्कर्माचा वेष घेऊन येतो. ‘आळस’ या शब्दांत ही लक्षणें कशीं बसणार?

मग अर्थ बदलला कोठें? योहान कास्सियान यानें पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही विद्या लॅटिनमध्यें आणली. त्यानें दहाव्या स्कंधांत अकेडियेचा अर्थ मनाचा वीट व तगमग असाच दिला. परंतु उपाय सांगतांना हातच्या श्रमावर इतका भर दिला कीं, पुढील वाचकांस श्रमाचा अभाव हाच रोग वाटूं लागला. वस्तुतः त्यानेंच दिलेली पौल तपस्व्याची कथा निराळें सांगते. हा तपस्वी गांवापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. तेथून माल विकावयास नेणें भाड्यालाहि परवडत नव्हतें. तरी तो रोज खजुरीचीं पानें गोळा करून काम करी, आणि वर्षाअखेर सांठलेलें सारें जाळून टाकी. हें काम उत्पन्नासाठीं नव्हतें, जागेवर टिकण्यासाठीं होतें. पुढें थोर ग्रेगरीनें आपल्या यादींतून अकेडिया गाळून ‘खेद’ तेवढा ठेवला. तेराव्या शतकांत थॉमस अक्विनासनें ईश्वरी कल्याणाविषयीं वाटणारा खेद अशी तिची व्याख्या करून तिला प्रेमाच्या विरुद्ध उभें केलें. लौकिक भाषेंत मात्र केवळ सुस्ती उरली.

आतां मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘निर्वेद’ व ‘औदासीन्य’ चालणार नाहींत. आमच्या शास्त्रांत हे गुण समजले जातात. पतंजलींनीं योगाच्या नऊ अंतरायांत ‘स्त्यान’ आणि ‘आलस्य’ हीं वेगळीं मोजलीं. यावरून चित्ताचा जडपणा आणि देहाचा आळस यांत भेद करण्याची दृष्टि आमच्याकडे पूर्वीपासून आहे. तथापि सर्वांत जवळचा शब्द ‘अरति’ हा होय. पालि सुत्तनिपातांत माराच्या सेनांत दुसरी सेना अरति. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रांत साधूनें सोसावयाच्या बावीस परीषहांत अरति. आणि वैद्यकांत ज्वराच्या रोग्याला कोठेंहि चैन न पडणें तीहि अरति. स्वीकारलेल्या व्रतांत मन न रमणें हा अर्थ पहिल्या दोहोंत आहे, आणि तगमग तिसऱ्यांत.

या शब्दावर एक आक्षेप योग्य आहे. बौद्ध व जैन साधकाची अरति व्रताविषयीं असते. ख्रिस्ती साधकाची अरति अखेरीस ज्या ईश्वरानें त्याजवर प्रेम केलें त्या ईश्वराविषयीं असते. एवढा भेद टीपेंत सांगावा लागेल. परंतु ‘आळस’ म्हटल्यानें साधकास चाबूक मिळतो, आणि ‘अरति’ म्हटल्यानें त्यास कळतें कीं, आपणांवर जें आलें आहे तें परीषहासारखें सोसावयाचें आहे, जागा सोडावयाची नाहीं, आणि दुपार टळली म्हणजे, एवाग्रिउस सांगतो त्याप्रमाणें, मनाला शांति व आनंद लाभतो. सबब पुढील भाषांतरकारांनीं हा शब्द स्वीकारावा, अशी आमची सूचना आहे.