नमुना चौदाचे एक पान

गाव नमुना 14, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले कोतवाल बुक, वाचण्यासाठी कोणी उघडत नाही. ते उघडते पुराव्यासाठी. जातपडताळणीला अनुसूचित जातींकडून 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा कागद मागतात, विमुक्त-भटक्यांकडून 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांकडून 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. इंग्लंडात मात्र राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 साली चर्चोचर्ची बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायला लावले. तिथली निवृत्त मंडळी आज ती पाने हौसेने चाळतात, गावोगावच्या कुलशोध मंडळांत त्यावर वाद घालतात. आपल्याकडे अशी हौस कुलवृत्तान्त छापणाऱ्या घराण्यांनी केली. बाकीच्यांना पणजोबा आठवतो तो मुलाच्या अॅडमिशनला.

तरीही हे पान एकदा सावकाश वाचावे, आणि महाड तालुक्यातल्या दासगावसारख्या गावाचे तर जरूर वाचावे. सावित्रीच्या काठचे हे बंदर. मुंबईची माणसे होडीने इथे उतरायची आणि पुढे महाडकडे निघायची. अशा गावाची वही नुसती गावापुरती नसते.

जन्माची नोंद जेमतेम एका ओळीची. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण खबर पोचायची ती बारशाच्या आधी. आईही बऱ्याचदा नसते. शोधणारा इथेच हिरमुसतो. पण जन्माचे पान एकटे वाचायचे नाही, शेजारी मृत्यूचे ठेवायचे. एखाद्या घरात पुढे धोंडू किंवा दगडू नावाचा माणूस होऊन गेला असेल, तर त्याच्या जन्माच्या आधीची तीन-चार वर्षे मृत्यूच्या बाजूला पाहावीत. त्याच बापाच्या नावापुढे ‘मुलगा, वय दोन महिने’, ‘मुलगी, वय एक वर्ष’ अशा ओळी निघाल्या, तर धोंडूचे नाव धोंडू का ठेवले हे कोणी सांगावे लागत नाही. दृष्ट लागू नये, देवाने नेऊ नये, म्हणून दगडधोंड्याचे नाव. ती आई वहीत कुठेच नाही, आणि तरी दोन पाने शेजारी ठेवली की तीच दिसते.

दुसरी खुबी माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी, तेव्हा नोंदही आईच्या गावच्या वहीत. आजोबांचा जन्म दासगावात सापडत नाही म्हणून माणसे कचेरीला शिव्या घालत परततात, पण आजोबा पणजीच्या माहेरी, पोलादपूरकडच्या एखाद्या वाडीच्या पानावर पडून असतात. आणि बाप्या मुंबईला गिरणीत वारला असेल, तर त्याचा मृत्यू मुंबई महापालिकेकडे. एका माणसाचा जन्म एका गावात, मरण दुसरीकडे. दोन्हींच्या मध्ये दासगावची वही गप्प. ते गप्प राहणेच कोकणी संसाराचे खरे वर्णन आहे, असे माझे मत आहे.

जातीचा रकाना मात्र सहसा रिकामा राहत नाही. त्या काळी खबर नेण्याचे काम बहुधा महार वतनदाराचे असे आणि लिहिणारे हात दुसऱ्याचे. ज्याच्या पायांवर गावाची वही चालली, त्याला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बंद. दासगावात पलटणीतून परतलेले महार पेन्शनर होते. 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. आंबेडकर त्याच पाण्यासाठी सत्याग्रहींसह बोटीने आले ते दासगाव बंदरालाच, आणि तिथून पायी महाडला गेले. याच मुलखात वाढलेल्या कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी आत्मकथा लिहून ठेवली म्हणून त्या घरांच्या आत डोकावता येते. वहीत तीच माणसे एका शब्दात उरकली आहेत.

मृत्यूच्या बाजूला कारणांचा रकाना असतो. पटकी, देवी, हगवण, आणि सगळ्यात जास्त ताप. कोतवाल काही डॉक्टर नव्हता. न कळलेले सगळे दुखणे त्याने तापात घातले. एकाच आठवड्यात पटकीच्या ओळी एकाखाली एक आल्या की साथ कोणत्या घरातून कुठे सरकली ते बोट ठेवून दाखवता येते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानंतर नोंदी छापील अर्जांवर आल्या. जुलै 2005 मध्ये दासगावावर दरड कोसळली, तेव्हाच्या मृत्यूंची कारणे असा कोतवाल आपल्या शब्दांत सांगणार नव्हता.

शोधायला जाणाऱ्याने एक करावे. नक्कल मागताना नुसते वर्ष सांगून अर्ज टाकू नये. आजोबांचा शाळेच्या रजिस्टरातला जन्म 1 जून असेल तर तो मास्तरांनी दिलेला समजावा आणि मागची-पुढची दोन-तीन वर्षे मागावीत. घर मुसलमानाचे असेल तर जमातीकडे निकाहाची वही आहे का ते विचारावे. त्र्यंबकेश्वर-नाशिकला घरातले कोणी गेले असेल तर तीर्थोपाध्यायाची नामावळी पाहावी. पूर्वज साहेबी नोकरीतला ख्रिस्ती असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदी 1709 पासूनच्या आहेत. आणि पणजीच्या माहेरचे गाव घरच्या म्हातारीला आधी विचारून घ्यावे, कारण अर्जात तो रकाना नसतो.