बोगद्यापलीकडची सरहद्द

डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतची लढाई मराठे जिंकतात. एवढं ऐकूनच मराठी वाचकाची छाती फुगते आणि पुष्कळांच्या लक्षात कथा तेवढीच राहते. मला ती मोठी वाटते ते वेगळ्या कारणासाठी. नारळीकरांनी हा विजय फुकट दिलेला नाही. त्याची किंमत त्यांनी मोजायला लावली आहे, आणि ती मोजली आहे मुंबईने.

१९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत उतरली आणि बक्षीस घेऊन गेली. पुढे १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह मौजेने काढला. राज्य शासनाचा पुरस्कार मिळवणाऱ्या या संग्रहातली 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मला सगळ्यांत जवळची, कारण ती आमच्या मध्य रेल्वेच्या रुळांवरून धावते.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत जिजामाता एक्सप्रेसने पुण्याहून मुंबईला निघाले आहेत. गाडी डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान आहे. पुण्याबाहेर कारखान्यांच्या वसाहती दिसत नाहीत. लोणावळा चाळीस मिनिटांत येतं, घाट मात्र जसाच्या तसा. कर्जतला गाडी जेमतेम थांबते, कल्याण तर धडधडत मागे टाकते. काय बदललंय ते नारळीकर सांगत नाहीत. नेहमीच्या प्रवाशाची नजर आपल्याला देतात आणि खिडकीशी बसवतात. मग एक लांब बोगदा संपतो, पलीकडे एक लहानसं स्टेशन येतं. नाव सरहद्द. गणवेशातला अँग्लो-इंडियन परवाने तपासायला डब्यात चढतो, कारण इथून ब्रिटिशांचा मुलूख सुरू होतो.

कल्याणनंतरचा लांब बोगदा म्हटल्यावर उपनगरातल्या माणसाला पारसिकच आठवणार. म्हणजे ही सरहद्द ठाण्याच्या आसपास कुठेतरी पडते. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यालाच थांबली होती. लेखकाच्या मनात ते होतं की नाही, याने मला फरक पडत नाही. नकाशा आपोआप जुळून येतो. मुलुंड चेकनाक्यावर जकातीसाठी खोळंबलेल्या ट्रकांची रांग ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिली, त्यांना मुंबईची वेस ही कल्पना नवी नाही. पण ठाण्याच्या अलीकडे परदेश, मुलुंड-घाटकोपर परक्या राज्यात, आणि रुळांवरच्या निळ्या लोकलच्या प्रत्येक डब्यावर युनियन जॅक, हे वाचताना रोजचा रस्ता पायाखालून सरकतो.

समोर बसलेले खानसाहेब पेशावरला निघालेत. मुंबईहून फ्रंटियर मेल धरायची, दिल्ली, मग लाहोर, मग घर. फाळणी झालेली नाही, हे कथेत कुठेही ठासून सांगितलेलं नाही. एका सहप्रवाशाच्या मार्गात ते येतं आणि जातं. एवढी मोठी गोष्ट इतक्या कमी शब्दांत सांगणारी जागा मराठी विज्ञानकथेत मला दुसरी आठवत नाही.

व्हीटीला उतरल्यावर ईस्ट इंडिया कंपनी जिवंत आणि भरभराटीत दिसते. हॉर्नबी रोडवर ओळखीची दुकानं नाहीत. गंगाधरपंत फोर्ब्सच्या कचेरीत जाऊन आपल्या मुलाची, विनयची चौकशी करतात. तिथली बाई यादी पाहते आणि त्या नावाचं कोणी नसल्याचं सांगते. कथेचा गाभा मला इथे सापडतो. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव पानिपतावर वाचले, पण त्या जगात विनयचा पत्ता नाही. त्याचा जन्म तरी झाला असेल का? नारळीकर या प्रश्नापाशी रेंगाळत नाहीत. गंगाधरपंत सरळ टाउन हॉलच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाकडे वळतात.

तिथलं वाचन म्हणजे इतिहासकाराच्या पद्धतीला दिलेली दादच आहे. इतिहासाच्या पाच खंडांपैकी चार ओळखीचे निघतात. पाचवा ते दोन्ही टोकांकडून वाचत आत येतात आणि १७६१ च्या त्या दिवसापाशी दोन्ही वाटा मिळतात. विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी तिळभर अंतराने चुकलेली असते. पुढचा विजय इतिहासाच्या पुस्तकातल्या कोरड्या भाषेतच येतो: कंपनीने विस्ताराचा बेत गुंडाळला, पुण्याच्या राज्यकर्त्यांनी युरोपातलं तंत्रज्ञान ओळखून विज्ञानाची केंद्रं काढली, देश लोकशाहीकडे वळला. मुंबई मात्र १९०८ च्या तहाने ब्रिटिशांकडे भाडेपट्ट्याने राहिली, मुदत २००१ पर्यंत. अभिमानाचा एकही नगारा वाजत नाही, आणि म्हणूनच त्या विजयावर विश्वास बसतो.

शेवटी आपल्या जगात परतलेल्या गंगाधरपंतांना राजेंद्र देशपांडे हे जाणकार पुंजभौतिकी आणि आपत्ती सिद्धांत समजावतात, तिथे कथा थोडी वर्गात जाऊन बसते. पण त्या चर्चेच्या मधोमध नारळीकरांनी एक कागद ठेवलाय. ग्रंथालयात वाचलेली पानिपतची बखर निघताना नकळत गंगाधरपंतांच्या खिशात राहिली होती. पुढे आझाद मैदानावरच्या झटापटीत ती हरवली. उरलं ते तिचं फाटलेलं पान. छापील बखरीत गोळी विश्वासरावांना लागते, या पानावर ती चुकते. लाखो माणसांच्या नशिबाचा निवाडा एवढ्याशा कागदावर आणून ठेवायला वैज्ञानिकाची शिस्त लागते आणि कथाकाराचं धाडसही.

आझाद मैदानावरचा प्रसंग काही वाचकांना विनोदी जोड वाटतो. मला तो अटळ वाटतो. तिथे चाललेल्या सभेतली रिकामी अध्यक्षीय खुर्ची गंगाधरपंतांना बघवत नाही. त्या जगाने मात्र अध्यक्ष ही चालच मोडीत काढलेली आहे, आणि व्यासपीठावर चढलेल्या या पाहुण्याला श्रोते टोमॅटो आणि अंडी मारून पिटाळतात. ज्या जगात मराठे जिंकले, त्या जगातही गंगाधरपंतांना जागा नाही. ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेल्या या माणसाची हजारावी सभा पानिपतावरच्या परिसंवादाची होती. परत आल्यावर गंगाधरपंतांनी आयोजकांना नकार कळवून टाकला आहे.