लंडनची आकाशरेषा आणि सेंट पॉलचा घुमट

वास्तुकलेची समीक्षा करताना एकेक इमारत हा स्वतंत्र घटक धरण्याचा प्रघात आहे. इमारतीला एक कर्ता असतो, एक आराखडा असतो. त्यामुळे काव्यासारखाच तिचाही विचार करता येतो. नगराच्या आकाशरेषेची गोष्ट निराळी आहे. इंग्रजीत जिला ‘स्कायलाइन’ म्हणतात ती ही रेषा शेकडो मालकांनी, शेकडो वर्षांत, एकमेकांचा फारसा विचार न करता निर्माण केलेली असते. मग तिच्या ठायी सौंदर्य असलेच, तर त्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे, आणि ते नष्ट झाले असे म्हटल्यास दोष कोणाचा मानावयाचा? या प्रश्नाची चर्चा लंडनच्या आधारे करण्याचे कारण असे की, तेथे आकाशरेषेला अप्रत्यक्ष का होईना, एक कर्ता आहे. तो म्हणजे नियम.

कॅनालेत्तो या व्हेनिसच्या चित्रकाराने 1750 च्या सुमारास सॉमरसेट हाउसच्या सज्जावरून दिसणारे लंडन रंगविले. थेम्सच्या वळणावर ठेंगणी घरे, त्यांतून वर आलेले चर्चचे निमुळते मनोरे आणि सर्वांच्या वर सेंट पॉलचा घुमट, अशी त्या चित्राची रचना आहे. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल या ज्या लयींचा पुरस्कार केला, त्या तिन्ही येथे सहज दाखविता येतील. मनोऱ्यांचा परस्परांशी संवाद आहे, अणकुचीदार मनोरे आणि गोल घुमट यांत विरोध आहे, आणि त्या सर्वांचा तोल एका मध्यवर्ती वस्तूने सांभाळला आहे. हे चित्र पुढे लंडनच्या ‘मूळ’ रूपाचे प्रमाण मानले गेले. परंतु हे मूळ रूपही स्वयंभू नव्हते. 1666 च्या आगीनंतर शहर नव्याने उभारताना 1667 च्या कायद्याने रस्त्यांच्या दर्जाप्रमाणे घरांचे मजले बांधून दिले होते. क्रिस्टोफर रेनने 1675 ते 1710 या काळात उभारलेले 365 फूट उंचीचे कॅथीड्रल एवढे उत्तुंग दिसले, याचे अर्धे श्रेय त्या घरांच्या ठेंगणेपणाला दिले पाहिजे. आजच्या उंच इमारतींवर टीका करताना ‘पूर्वीचे स्वाभाविक सौंदर्य’ असा शब्दप्रयोग केला जातो, तो म्हणूनच मला सदोष वाटतो.

नियमांचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. वेस्टमिन्स्टरजवळ 1873 पासून चढत गेलेल्या क्वीन ॲन्स मॅन्शन्स या निवासी इमारतीने मोठा गहजब उडाला, आणि 1894 च्या कायद्याने छपरातील मजले वगळून 80 फुटांची मर्यादा आली. 1933 मध्ये क्वीन व्हिक्टोरिया रस्त्यावर फॅरडे बिल्डिंग हे टेलिफोनचे केंद्र उभे राहिले आणि नदीवरून होणारे सेंट पॉलचे दर्शन बऱ्याच अंशी झाकले गेले. त्या वेळी कॅथीड्रलचे वास्तुनिरीक्षक गॉडफ्रे ॲलन यांनी जे काम केले ते टीकाकाराने मुद्दाम अभ्यासावे असे आहे. त्यांनी आक्षेपाचे पत्रक काढले नाही, तर मोजमाप घेतले. भोवतालच्या परिसराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात इमारत किती उंचीपर्यंत गेली असता घुमट झाकणार नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडले. 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून नगरपालिकेने ही ‘सेंट पॉल्स हाइट्स’ची मर्यादा सामंजस्याने पाळण्यास प्रारंभ केला. 1950 च्या दशकात सर्वसाधारण उंचीची बंधने सैल झाली आणि 1963 मध्ये सेंट पॉल ही लंडनमधील सर्वांत उंच इमारत उरली नाही. तरीही हे चौकोन टिकले. 1991 पासून त्यांत दूरच्या टेकड्यांवरून व उद्यानांतून दिसणाऱ्या संरक्षित दृश्यांची भर पडली.

या सर्वांचा परिणाम असा की लंडनमध्ये कोठे बांधावयाचे याइतकेच कोठे बांधावयाचे नाही हेही आखले गेले. सिटीच्या पूर्व भागात आज उंच इमारतींचा जो पुंजका दिसतो, तो कोणी रचनेच्या बुद्धीने तेथे ठेवलेला नाही. संरक्षित दृश्यरेषांच्या मधोमध जी जागा उरली तीत तो दाटला आहे.

नियमाचे हे बंधन काव्यातील वृत्तासारखे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. वृत्त कवीला अडविते. पण समर्थ कवी त्या अडवणुकीतूनच शब्दांची अशी मांडणी साधतो, की जी मोकळेपणी त्याला सुचली नसती. रिचर्ड रॉजर्स यांच्या संस्थेची 2014 मध्ये पूर्ण झालेली लेडनहॉल इमारत हे याचे उत्तम उदाहरण होय. फ्लीट स्ट्रीटवरून पूर्वेकडे पाहणाऱ्याला घुमटाच्या पाठीशी ही 225 मीटर उंचीची इमारत आली असती. म्हणून तिची दर्शनी बाजू पायथ्यापासून माथ्यापर्यंत मागे झुकविली आहे. लोकांनी तिला ‘चीजग्रेटर’, म्हणजे खिसणी, असे नाव दिले. नाव थट्टेचे असले तरी आकृती अर्थपूर्ण आहे. अर्ध्या मैलाहून अधिक अंतरावरील जुन्या वास्तूला वाट करून देण्यासाठी नवी वास्तू बाजूला सरकली आहे, हे तिच्या अंगावरच वाचता येते.

उलट, वृत्त केवळ मात्रांपुरते सांभाळणारा पद्यकार ‘च’, ‘वै’, ‘हि’ अशी पादपूरके घालून ओळ भरतो. राफाएल विन्योली यांची 20 फेन्चर्च स्ट्रीट ही इमारत, तीही 2014 चीच, मला या वर्गातील वाटते. सुमारे 160 मीटरची ही इमारत वर जाताना रुंदावते. वरच्या मजल्यांना भाडे अधिक, म्हणून वरचे मजले मोठे, याखेरीज त्या रुंदावण्याला कलात्मक कारण शोधूनही सापडत नाही. पुंजक्यापासून ती दूर एकटी उभी असल्याने हा दोष अधिकच डोळ्यांत भरतो. बांधकाम चालू असताना, 2013 मध्ये, तिच्या अंतर्वक्र काचेवरून एकवटलेल्या उन्हाने रस्त्यावरील मोटारीचे भाग वितळले, तेव्हा वृत्तपत्रांना मजेदार मजकूर मिळाला. पण समीक्षेच्या दृष्टीने तो अपघात गौण आहे. तिने परवानगी मिळविली, परंतु भोवतालशी नाते जोडले नाही, हा खरा आक्षेप होय.

शार्डचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. थेम्सच्या दक्षिणेस 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या या 310 मीटरच्या इमारतीचे वास्तुकार रेन्झो पियानो यांनी लंडनच्या जुन्या मनोऱ्यांचा, कॅनालेत्तोच्या चित्रांचा आणि नदीतील गलबतांच्या डोलकाठ्यांचा दाखला दिला. इंग्लिश हेरिटेज या संस्थेने योजनेस विरोध केला, चौकशी झाली, आणि 2003 मध्ये शासनाने मंजुरी दिली. वास्तू म्हणून शार्ड देखणा आहे, हे मान्य करावयास संकोच वाटू नये. त्याचा निमुळता माथा ढगांत विरघळतो तेव्हा पियानो यांचा हेतू सफल झाला असे वाटते. पण त्यांनी दिलेला दाखला तपासून पाहावा लागतो. रेनचे मनोरे उंच होते ते आपापल्या वस्तीची खूण म्हणून, आणि ते अनेक होते. त्यांतील एकही घुमटाशी स्पर्धा करीत नव्हता. शार्ड एकटा आहे, घुमटाच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि त्याच्या पोटात कचेऱ्या, हॉटेल व निवासस्थाने आहेत. हॅम्पस्टेड हीथच्या बाजूने पाहिले असता तो घुमटाच्या पाठीमागेच उगवतो. ज्या चित्राचे उद्धरण द्यावयाचे, त्या चित्राचा मध्यबिंदूच त्या उद्धरणाने झाकोळून जावा, असा हा प्रकार आहे.

येथे नियमाची स्वतःची मर्यादाही उघड होते. तो दृश्याचे रक्षण करतो, आणि दृश्य म्हटले की पाहण्याचे ठिकाण ठरवावे लागते. ही ठिकाणे बहुतांशी उद्याने, टेकड्या, पूल आणि नदीकाठ अशी आहेत. म्हणजे माणूस थांबतो तेथील. रोजच्या वाटेने चालणाऱ्याला घुमट कोपऱ्याकोपऱ्यावर कसा भेटतो आणि हरवतो, याची नोंद आकड्यांत फारशी उतरत नाही. आपल्याकडे गर्दीमुळे देवळात जाता न आलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन परततो. त्या दर्शनाला जागा नेमून दिलेली नसते. कळस जेथून दिसेल तेथून हात जोडले जातात.

नेमून दिलेली जागाही पुरती सुरक्षित नाही. रिचमंड पार्कमधील किंग हेन्रीज माउंड या उंचवट्यावरून, झाडीत मुद्दाम राखलेल्या फटीतून, सुमारे दहा मैलांवरचा सेंट पॉल दिसतो. मधली वाट कसोशीने मोकळी ठेविली होती. 2016 मध्ये मात्र असे आढळले की घुमटाच्या पलीकडे, कित्येक मैल दूर स्ट्रॅटफर्ड येथे, एक 42 मजली इमारत वर येत आहे आणि घुमटामागचे आकाश तिने व्यापले आहे. घुमट झाकला गेला नव्हता. त्याची कड पुसली गेली होती. ॲलन यांच्या चौकोनांत घुमटासमोरील अडथळ्यांचा हिशेब प्रमुख होता. स्ट्रॅटफर्डच्या उदाहरणावरून दिसते ते असे की, घुमटाची आकृती त्याच्या दगडाइतकीच मागील रिकाम्या आकाशाने घडलेली आहे, आणि ते आकाश सिटीच्या हद्दीत मावत नाही. 2024 च्या डिसेंबरात नगरपालिकेने अंडरशाफ्ट येथील, उंचीने शार्डची बरोबरी करणाऱ्या 73 मजली मनोऱ्याला मंजुरी दिली. तो पुंजक्याच्या मध्यभागी येणार असल्यामुळे त्यावरील वाद बराचसा पायथ्याच्या मोकळ्या चौकाविषयी झाला, ही गोष्ट या संदर्भात नोंदवून ठेवण्याजोगी आहे.